चौथ्या चित्रातला आवाज

कंपनीची बस तळवड्याच्या चौकात नेहमीसारखी अडकून पडली होती तेव्हा रंगराव एका विनोदावर हसले, आणि तो विनोद त्यांना कळलेला नव्हता. घडलं ते एवढंच. शेजारच्या सीटवरचा प्रीतम, त्यांच्याच क्वालिटी खात्यातला पंचविशीचा इंजिनियर, मोबाइलकडे बघून आधी फिसकन हसला, मग खांदे हलवत हसला आणि शेवटी न राहवून त्यानं फोन मागच्या सीटवर दिला. मागचे हसले. त्यांच्या मागचेही हसले. अशी अर्धी बस हसवून फोन रंगरावांच्या हातात आला. त्यांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. काळ्या रेघांनी काढलेल्या चार चौकटी होत्या, एकाखाली एक. पहिलीत एक मिशीवाला माणूस नारळ कानाशी धरून बोटाच्या पेरानं वाजवत होता. वर लिहिलं होतं, 'टक'. दुसरीत तोच माणूस माठ वाजवत होता, 'टण'. तिसरीत तो रिकाम्या खोलीत गुडघ्यांवर ओणवा होऊन फरशी वाजवत होता, 'ठक'. चौथीत तो एका बंद दारासमोर उभा होता, हात पाठीमागे बांधून. तिथं काहीच लिहिलं नव्हतं. रंगरावांनी स्क्रीन सरकवून पाहिली, पाचवी चौकट असेल म्हणून. खाली नुसती लोकांनी टाकलेली हसणारी पिवळी तोंडं होती. सगळी बस आपल्याकडे बघतेय असं त्यांना वाटलं. मग ते हसले, चांगले दात दाखवून हसले, वर 'भारीच आहे की राव' असंही म्हणाले आणि त्यांनी फोन परत दिला.

'पाठवू का काका तुम्हाला?' प्रीतम म्हणाला. 'वेबकॉमिक म्हणतात ह्याला. आठवड्याला एक येतं. पेजचं नाव पण कसलं आहे बघा, तेरावी फरशी.'

'पाठव की,' रंगराव म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

न कळता हसायची सवय सगळ्यांनाच असते. साहेब बोलले की माणूस हसतो, लग्नात व्याही बोलले की हसतो, आणि तेवढ्यावर कुणी झोप घालवून घेत नाही. पण रंगरावांचा जन्मच दुसऱ्या कामात गेला होता. चाकणच्या ज्या कारखान्यात ते अठ्ठावीस वर्षं होते तिथं ट्रकच्या चाकांचे बीडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, ड्रम तयार व्हायचे, आणि रंगरावांचं काम ते ड्रम वाजवून बघण्याचं. हुकाला टांगलेल्या ड्रमवर छोट्या हातोडीनं एक टोला द्यायचा आणि मान तिरकी करून ऐकायचं. माल चांगला असेल तर आवाज निघतो, लांबतो, हळूहळू विरतो. आत कुठं केसाएवढी चीर असली की बद्द वाजतो, टोला देताक्षणी मरतो. बद्द वाजलेल्या ड्रमवर खडूनं एक वर्तुळ काढायचं. तो वितळवायला परत भट्टीत. दोन वर्षांपूर्वी कंपनीनं आवाज ओळखणारं मशीन आणलं, पण मशीनलाही जिथं शंका येई तो माल पुन्हा रंगरावांच्या कानापुढेच येई, आणि ह्या गोष्टीचा त्यांना मनातल्या मनात फार अभिमान होता. ऐकल्याशिवाय त्यांनी आजवर एकही पीस पुढं सोडला नव्हता. आणि आज मात्र त्यांनी चार चौकटी काही न ऐकता, काही न समजता, दात काढून पास केल्या होत्या. निघोजे गेलं, कंपनीचं फाटक आलं, त्यांनी कार्ड लावलं, बूट चढवले, आणि तोपर्यंत ती गोष्ट दातात अडकलेल्या बडीशेपेसारखी छळायला लागली होती.

सकाळभर ते ड्रम वाजवत राहिले आणि मधल्या वेळात चित्राचा विचार करत राहिले. माणूस नारळ वाजवतो. बरं. नारळ वाजवून नाही घ्यायचा तर काय डोळे मिटून घ्यायचा? माणूस माठ वाजवतो. योग्यच आहे, चिरलेला माठ घरी आणला तर ओटाभर पाणी होतं आणि बायको चार दिवस बोलते. माणूस फरशी वाजवतो. त्याहून योग्य. खाली सिमेंट नीट भरलेलं नसलं की फरशी पोकळ वाजते, आणि ठेकेदार पळून जायच्या आत ती ओळखावी लागते. तिन्ही चित्रांतला माणूस शहाण्यासारखाच वागत होता. त्याच्याकडून काही चूक झालेली रंगरावांना दिसेना. मग लोक हसले कशाला? चौथ्या चित्रात तो दारासमोर उभा आहे. दार वाजवत नाही. हात मागे. दाराशी पायपुसणं, पायांखाली थोडी सावली. इथं विनोद असणार, कारण दुसरीकडे कुठे तो शिल्लकच नव्हता. त्यांना एक शंका आली की चित्र काढणाऱ्याकडून चौथ्या चौकटीत आवाज लिहायचा राहून गेलाय. तीन पीस नीट आणि चौथ्यात काम अर्धवट, असं हाताच्या कामात होतं. पण मग एवढी माणसं एका राहून गेलेल्या शब्दावर हसली? त्यांचं त्यांनाच ते पटेना. तेवढ्यात एक ड्रम त्यांनी वाजवला आणि तो कसा वाजला हे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवला. चांगला होता. पण एकाच ड्रमला दोनदा वाजवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, आणि ते घाबरले.

दहाच्या चहाला त्यांनी प्रीतमला बाजूला घेतलं. विचारायची लाज वाटत होती, म्हणून तपासणीच्या कागदावरून सुरुवात केली आणि मग सहज आठवल्यासारखं म्हणाले, 'ते सकाळचं चित्र रे. त्यात नेमका विनोद कुठे?'

प्रीतमनं कप खाली ठेवला. 'काका, समजावून सांगितला की मजा जाते.'

'गेली तर जाऊ दे. सांग.'

'म्हणजे बघा, तो माणूस सगळं वाजवतो. आणि दार वाजवत नाही.'

'का वाजवत नाही?'

'तेच तर!' प्रीतम हसायला लागला. मग रंगराव हसत नाहीत हे पाहून थांबला. 'अहो, रिलेटेबल आहे ते. आपलं वाटतं. आमचे पप्पा पण सेम असेच.'

'तुझे पप्पा नारळ वाजवून घेतात?'

'नाही हो. ते बँकेत होते. नारळ आईच आणते.'

'मग असेच म्हणजे कसे?'

प्रीतमनं मान खाजवली. 'खरंच की,' तो म्हणाला, 'ते असे अजिबात नाहीत. पण बघितल्या बघितल्या मला तेच आठवले.' आणि तो कप घेऊन निघून गेला. एका चांगल्या पोराची मजा आपण घालवली म्हणून रंगरावांना वाईट वाटलं, आणि कोडं होतं तिथंच राहिलं.

कँटीनमध्ये जेवणाची रांग ओसरली तेव्हा त्यांनी फोन केसरबाईंपुढे धरला. केसरबाई निघोज्याच्याच. जिथं आता कँटीनची भट्टी आहे तिथं पूर्वी त्यांचं ज्वारीचं शेत होतं असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, आणि ऐकणाऱ्यानं मान हलवली तरच वरण जास्त वाढत. त्यांनी ओले हात पदराला पुसले, फोन लांब धरला, जवळ धरला.

'ह्यात हसायसारखं काय हाय?' त्या म्हणाल्या. 'उभा ऱ्हायलाय बिचारा दारापुढं.'

'सगळे हसतात, केसरबाई.'

'हसूद्यात. आतलं मानूस रुसलंय व्हय. ह्याला बोलवीत न्हाई कुनी, आन् ह्याला हाक मारायचा धीर न्हाई. आमचा म्हातारा असाच गोठ्याच्या तोंडाशी उभा ऱ्हायचा, मी तंडून तिथं जाऊन बसले की. घटकाभर उभा ऱ्हायचा आन् जायाचा.' फोन परत देताना त्यांनी एकदा रंगरावांकडे नीट पाहिलं. 'जेवलात का न्हाई तुमी?'

ते जेवले होते. त्यांनी मान हलवली, फोन खिशात टाकला आणि ते बाकावर येऊन बसले. दारापुढे उभं राहायचं म्हणजे काय ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. निगडीला प्राधिकरणातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये एक खोली होती, तिचं दार अकरा महिने त्यांच्यासाठी बंद होतं. आत विजयश्री, त्यांची एकुलती एक मुलगी, राहत होती. सकाळी ते गेल्यावर ती बाहेर यायची, आईशी बोलायची, दोघी भाजी निवडायच्या; ते आले की दार लागलेलं. बोलणं सगळं साधनाच्या मार्फत चालायचं. आई, बाबांना सांग माझं कुरिअर येणार आहे. अगं, तिला विचार मोटर चालू करू का. पाच खोल्यांच्या घरात माणसं निरोपांवर जगत होती. आणि रोज संध्याकाळी पाय धुतल्यावर, साधना चहा टाकायला आत गेली की, रंगराव त्या दारासमोर अर्धा मिनिट उभे राहायचे. कशासाठी ते त्यांनाही माहीत नव्हतं. आतून कधी खुर्चीचा आवाज यायचा, कधी काचेवर पेन घासल्यासारखा बारीक आवाज. तो ऐकून ते परत फिरायचे. हे त्यांनी साधनालाही कधी सांगितलं नव्हतं.

झालं होतं तेही एका विनोदावरूनच. इंजिनियर झालेली मुलगी, चांगल्या कंपनीत डिझाइनच्या कामाला लागलेली, चौदा महिन्यांत नोकरी सोडून घरी बसली. चित्रं काढते म्हणाली. रंगरावांनी आरडाओरडा केला नाही. तसे ते ओरडणाऱ्यातले नव्हतेच. एका रविवारी साधनाचे मोठे भाऊ अर्जुनराव सांगवीहून एक स्थळ घेऊन आले. पोहे खाता खाता त्यांनी विचारलं, 'पोरगी सध्या काय करते म्हणून सांगू त्यांना, राव?' आणि रंगराव म्हणाले, 'काय सांगणार? वरून बघाल तर एकदम ओके पीस आहे. वाजवून बघितला की बद्द.' अर्जुनराव पोह्याचा घास सांडेपर्यंत हसले. रंगरावही हसले, आपल्याला इतकं चपखल कधी सुचत नाही ह्याचं त्यांना बरंही वाटलं. विजू तेव्हा मागे पाण्याची बाटली भरत उभी होती. तिनं नळ बंद केला, बाटलीला झाकण लावलं, खोलीत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही. अगदी हलकेच लावलं आणि आतून कडी सरकवली. विनोदच तर केला होता, असं त्यानंतर रंगराव स्वतःला इतक्या वेळा म्हणाले होते की त्या शब्दांचा आता नुसता आवाज उरला होता. तिला विनोद कळला नाही, असंही ते म्हणत. आज कँटीनच्या बाकावर बसून त्यांना पहिल्यांदाच असं वाटलं की विनोद न कळणं ही फार एकटं पाडणारी गोष्ट आहे. सगळी बस हसते आणि आपण हातातल्या फोनकडे बघत राहतो. पण तरीही त्या मिशीवाल्याचा आणि आपला काही संबंध असेल हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. जगात दारं पुष्कळ असतात, आणि मिशाही.

साडेतीनला शिफ्ट सुटली. परतीच्या बसमध्ये सगळे झोपतात. रंगराव जागे राहिले. चित्र उघडायचं नाही असं ठरवून त्यांनी ते चार वेळा उघडलं. निगडीच्या चौकात उतरल्यावर त्यांना आठवलं की साधनानं नारळ सांगितलाय. रोहिदासचं दुकान स्टॉपला लागूनच. त्यांनी ढिगातला एक नारळ उचलला, कानाशी नेला, वाजवला, ठेवला. दुसरा उचलला. रोहिदास गल्ल्यावरून बघत होता, तो हसायला लागला.

'काय झालं?' रंगराव म्हणाले. आज हसणाऱ्या माणसांची त्यांना धास्तीच बसली होती.

'काय नाय काका. तुम्ही वाजवल्याशिवाय काय घेतच नाय. नारळ ठीक आहे हो. परवा तुम्ही साबणाची वडी वाजवलीत.'

'मी?'

'आणि मागं एकदा बिस्किटाचा पुडा. पोरं लपून बघतात राव तुमच्याकडं.'

रंगराव आपल्या हाताकडे बघत राहिले. मधलं बोट दुमडलेलं होतं, पेर वर आलेलं, आणि अंगठा मुठीच्या आत लपवलेला. असं का, तर नवखेपणी एकदा हातोडीचा टोला चुकून अंगठ्यावर बसला होता. तेव्हापासून काहीही वाजवायचं म्हटलं की अंगठा आपसूक आत जाई. गेल्या अठ्ठावीस वर्षांत ही गोष्ट त्यांना स्वतःलाही दिसली नव्हती. त्यांनी नारळ खाली ठेवला, फोन काढला आणि पहिली चौकट दोन बोटांनी मोठी केली. मिशीवाल्याचं मधलं बोट दुमडलेलं होतं. अंगठा मुठीच्या आत होता.

त्यांच्या कानांत एकदम गरम झालं. एवढी माणसं त्या हातावर हसली होती. प्रीतम हसला होता, बस हसली होती, आणि ते स्वतः, दात दाखवून, स्वतःवर हसले होते. विजूनंच काढलं होतं हे, बापाचा असा तमाशा! राग आला, आणि लगेच रागाखालून दुसरंच काहीतरी वर आलं. त्यांनी तिसरी चौकट मोठी केली. रिकामी खोली, ओणवा माणूस, आणि जमिनीवर मघाशी जे पुसट डाग वाटले होते ती वर्तुळं होती. खडूची वर्तुळं. फ्लॅट ताब्यात घ्यायच्या आदल्या आठवड्यातली ती दुपार होती. विजू सात वर्षांची. रंगराव गुडघ्यांवर रांगत फरश्या वाजवत होते आणि ती मागून खडू घेऊन येत होती. पोकळ, असं ते म्हणाले की ती जीभ बाहेर काढून, सगळं अंग वाकवून वर्तुळ काढायची आणि मोठ्यानं आकडा म्हणायची. तेरा निघाल्या. मग तिनंही कान जमिनीला लावून त्यातलीच एक फरशी वाजवली आणि म्हणाली, बाबा, ही बोलते. ठेकेदारानं बारा बदलल्या. तेरावी छोट्या खोलीच्या दाराशी होती. त्या रंगाचा माल संपलाय, उद्या बसवतो म्हणाला, आणि तो उद्या अठरा वर्षं आला नव्हता. ती खोली पुढं विजूची झाली. लहानपणी ती आत जाताना त्या फरशीवर टुणकन उडी मारूनच जायची. तेरावी फरशी. सकाळी प्रीतमनं नाव सांगितलं होतं आणि ते त्यांच्या कानावरून सरळ निघून गेलं होतं. एवढा नावाजलेला कान.

आता चौथी चौकट. बंद दार, पायपुसणं. साधनानं जुन्या साड्यांच्या पट्ट्यांचं विणलेलंच ते. आणि माणसाच्या पायांखाली जी सावली वाटली होती ती सावली नव्हती. तो माणूस खडूच्या वर्तुळात उभा होता.

'नारळ देऊ का, काका?' रोहिदासनं विचारलं.

'दे कुठलाही,' रंगराव म्हणाले. न वाजवलेला नारळ पिशवीत घालून ते घराकडे चालू लागले.

वाटेत त्यांच्या डोक्यात नुसता गलका झाला. वर्तुळ म्हणजे रिजेक्ट. मुलीनं बापाभोवती वर्तुळ काढलंय. मी तिला बद्द म्हणालो, तिनं मला भट्टीत परत पाठवलं, फिटंफाट. हा अर्थ सरळ होता, पण तो नीट बसेना. कारण मग पहिल्या तीन चित्रांतला माणूस इतका जिवापाड जपून का काढलाय? नारळ ऐकताना त्याचे डोळे मिटलेत, ओठ थोडे उघडे आहेत. रागावलेलं माणूस एवढं नीट बघतं का कुणाकडे? आणि सगळ्यात मोठी गोम पुढेच होती. चौथं चित्र तिला सुचलं कसं? ते दारासमोर उभे राहतात तेव्हा दार बंद असतं. ती आत असते. दाराला भोक नाही. साधना स्वयंपाकघरात. मग ती त्यांना पाहणार कुठून? बागेपाशी एका स्कूटरवाल्यानं त्यांना हॉर्न दिला, तेव्हा आपण रस्त्याच्या मधोमध उभे आहोत हे त्यांना समजलं.

घरात शिरल्याबरोबर त्यांनी फोन साधनापुढे धरला. 'हे काय आहे?'

साधनानं बघितलं. ती हसलीही नाही आणि दचकलीही नाही. 'तुम्हाला आज दिसलं होय,' ती म्हणाली.

'तुला माहीत होतं?'

'पेज सुरू करून पाच महिने झाले तिला.'

'लोक का हसतात ह्याला? मला सांग. आणि तिला कसं कळलं की मी...' त्यांनी बंद दाराकडे बोट केलं.

साधनानं पिशवीतला नारळ काढला आणि ओट्यावर ठेवला. तिच्या आवाजात त्रागा नव्हता, नुसता थकवा होता. 'अहो, अकरा महिने मी तुम्हा दोघांचे निरोप पोचवतेय. दूध, मोटर, कुरिअर, सगळं. आता चित्राचा अर्थ पण मीच पोचवू? तेवढं नाही व्हायचं माझ्यानं. जा, पाय धुवा.'

त्यांनी पाय धुतले. पुसले. रोजच्यासारखी साधना चहा टाकायला वळली आणि रोजच्यासारखे ते बोळातून दाराकडे निघाले. फक्त आज त्यांचं सगळं लक्ष स्वतःकडे होतं, चोरासारखं. पायपुसण्याच्या अलीकडे त्यांचा पाय पडला आणि खालून आवाज आला, डब. बारीक, पोकळ, ओळखीचा. ते जागच्या जागी थांबले. त्यांनी पाय उचलला, पुन्हा ठेवला. डब. अठरा वर्षं ती फरशी वाजत होती आणि गेले अकरा महिने रोज संध्याकाळी ती त्यांच्या पायाखाली वाजत होती. येताना एकदा, जाताना एकदा. ते आतल्या आवाजांकडे कान लावून उभे असत, खुर्ची ऐकत, पेन ऐकत, आणि दाराच्या पलीकडे बसलेली मुलगी रोज त्यांना ऐकत होती. आले. उभे आहेत. गेले. तिचाही कान शेवटी त्यांच्याच घरातला. रंगरावांना फार शरम वाटली. शरमेपाठोपाठ दुःख झालं, उघड, साधं दुःख, की रोज आपण आलेलं तिला कळत होतं आणि रोज आपण परत गेलेलंही.

आतलं पेन थांबलं होतं. फरशी आज जायच्या वेळेला वाजली नव्हती, आणि त्याआधी दोनदा वाजली होती.

त्यांनी हात पुढे केला. मधलं बोट आपोआप दुमडलं, अंगठा आत गेला. त्यांनी तो मुद्दाम बाहेर काढला, मग आता दार कसं वाजवतात तेच सुचेना, म्हणून पुन्हा आत घेतला. दारावर त्यांनी एक टोला दिला आणि सवयीनं मान तिरकी केली. प्लायवूडचं दार बद्दच वाजतं. त्यात चीर असो वा नसो.

'विजू,' ते म्हणाले. 'चौथं चित्र मला कळलं नाही गं.'

आत पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली.

'काय नाही कळलं?' आवाज दाराच्या अगदी जवळून आला. अकरा महिन्यांनी तो साधनाच्या तोंडून न येता सरळ आला होता, आणि त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा थोडा जाड झाला होता.

'विनोद. बसमध्ये सगळे हसले. मी पण हसलो. पण कळला नव्हता मला. दिवसभर बघतोय.'

'त्यात विनोद नाहीये, बाबा.'

'मग लोक का हसतात?'

'काय माहीत,' ती म्हणाली. 'मला पण नाही कळलं. मी टाकलं आणि सगळे हसायलाच लागले.'

स्वयंपाकघरात चहा उतू गेल्याचा वास आला. साधनानं गॅस बंद केला नव्हता, तीही कुठंतरी उभी राहून ऐकत असणार. रंगरावांनी घसा साफ केला. दिवसभरात त्यांच्या डोक्यातून इतकं काय काय गेलं होतं, पण हे वाक्य त्यात कुठंच नव्हतं. ते आत्ताच आलं.

'त्या दिवशी अर्जुनमामांपुढं मी जे बोललो,' ते म्हणाले, 'त्यातही विनोद नव्हता.'

त्यांच्या पायाखाली फरशी होती, म्हणून ते हलले नाहीत. हललो तर आपण गेलो असं तिला वाटेल. ते तसेच उभे राहिले, एका पायावर भार टाकून, श्वास धरून. मग आतली कडी सरकायला लागली. अकरा महिने तिला कुणी तेल दिलं नव्हतं, ती अडत, किरकिरत, पुष्कळ वेळ घेत सरकली, आणि रंगरावांनी तो आवाज संपेपर्यंत मान तिरकीच ठेवली.